दारावरचा ‘एक्स’: पश्चिम उत्तर प्रदेशातल्या पोलिओ-नकाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

2001 साली भारतात पोलिओचे 268 रुग्ण नोंदले गेले. तीनच वर्षांपूर्वी, 1998 मध्ये, ही संख्या 1,900 च्या वर होती, त्यामुळे मोहीम शेवटच्या टप्प्यात आली असं वाटणं साहजिक होतं. 2002 मध्ये मात्र आकडा एकदम 1,600 वर गेला, आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त रुग्ण एकट्या उत्तर प्रदेशातले निघाले. त्यातही राज्याच्या पश्चिम भागात ते दाटलेले होते. निम्म्याहून अधिक मुलं मुसलमान घरांतली होती, आणि राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान होते साधारण 18 टक्के.

पल्स पोलिओ सुरू झाला डिसेंबर 1995 मध्ये. ठरलेल्या रविवारी बूथवर यायचं, बाळाच्या तोंडात दोन थेंब, संपलं. पुढे बूथवर न आलेल्यांसाठी पथकं घरोघर जाऊ लागली. देशाच्या बऱ्याच भागांत एवढ्यावर काम भागलं. पश्चिम उत्तर प्रदेशात दारं बंद होऊ लागली.

का, हे समजून घ्यायला पंचवीस वर्षं मागे जावं लागतं. आणीबाणीत, 1976–77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कितीतरी दबावाखाली. ऑक्टोबर 1976 मध्ये मुझफ्फरनगरमध्ये नसबंदीविरोधी जमावावर गोळीबार होऊन माणसं मेली. मुझफ्फरनगर याच पट्ट्यातलं. 2002 मध्ये जे आजोबा-आजी नातवंडाला मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्या तरुणपणी सरकारी आरोग्य खातं दारात आलं ते या कामासाठी. ‘थेंबांनी मुलं नपुंसक होतात’ ही अफवा दुसऱ्या कुठल्या भागात हास्यास्पद ठरली असती. इथे तिला ओळखीचं अंगण मिळालं.

दुसरी गोष्ट रोजची होती. 2005–06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उत्तर प्रदेशातल्या 12 ते 23 महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम 23 टक्क्यांना सगळ्या मूलभूत लशी मिळालेल्या आढळल्या. म्हणजे गोवर, डांग्या खोकला, धनुर्वात यांसाठी कोणी फिरकत नव्हतं. उपकेंद्राला कुलूप, हगवणीने मूल सुकलं तर औषध नाही, गल्लीत उघडं गटार. आणि पोलिओच्या थेंबांसाठी मात्र दर महिना-दीड महिन्याला सरकार घरी येतं, तेही फुकट. संशय यायला आणखी काय लागतं?

(या टिपणातली वर्षं, जिल्हे आणि आकडे जसे आहेत तसे दिले आहेत. मोहल्ले, कुटुंबं आणि कर्मचारी यांची ओळख दिलेली नाही.)

दारावर काय घडायचं

दोघांचं पथक. एकाच्या खांद्याला लसवाहक डबा, आत बर्फाच्या पिशव्यांमध्ये लसीच्या कुप्या. दुसऱ्याच्या हातात नोंदीचा तक्ता आणि खडू. मूल थेंब प्यालं की डाव्या करंगळीच्या नखावर न पुसणाऱ्या शाईची खूण. घरातली पाच वर्षांखालची सगळी मुलं झाली की दारावर ‘पी’. एकही राहिलं तर ‘एक्स’. संध्याकाळी पर्यवेक्षकाकडे ‘एक्स’ घरांची यादी, आणि पुढच्या दिवसांत त्या घरांना पुन्हा भेट.

व्यवस्था कागदावर चोख होती. पण पथकात अनेकदा परक्या गावचे दोन पुरुष असत. ते दुपारी येत, घरात बायका एकट्या असत, दार उघडत नसे. मग ‘एक्स’. त्याच गल्लीत एखादी आई म्हणे, बाळाला ताप आहे, आज नको. ‘एक्स’. मूल मामाकडे गेलंय. ‘एक्स’. आणि एखाद्या घरी आजोबा स्वच्छ सांगत, आमच्या घरात हे औषध येणार नाही. तोही ‘एक्स’.

बाहेरून पाहणाऱ्याला या चारही खुणा सारख्याच दिसत. वरच्या कार्यालयात पोचेपर्यंत त्यांचं एकच नाव होई: ‘विरोध करणारी घरं’. वर्तमानपत्रांत ते आणखी सोपं होऊन ‘मुसलमानांचा विरोध’ असं छापून येई. प्रत्यक्षात स्पष्ट नकार देणारी घरं एकूण ‘एक्स’ घरांतली थोडीच असत. कुलूप, आजारपण आणि परगावी गेलेली मुलं यांचाच भरणा मोठा होता.

नकारातही प्रकार होते. काहींना खरोखर नसबंदीची भीती होती, काहींना डुकराच्या चरबीची शंका, काहींना अमेरिकेचा डाव दिसत होता. 2002 ची गुजरात दंगल आणि 2003 चं इराक युद्ध या सगळ्याच्या मागे होतंच. काही मोहल्ल्यांनी सरळ सौदा मांडला: आधी रस्ता करा, वीज द्या, मग थेंब पाजू. सरकारला आपल्याकडून काहीतरी हवंय असा प्रसंग गरिबाच्या वाट्याला क्वचित येतो, तो त्यांनी वापरला. याला अंधश्रद्धा म्हणता येत नाही.

आणखी एक वाक्य वारंवार ऐकू येई, ज्याकडे सुरुवातीला कोणी लक्ष दिलं नाही: ‘अमक्याच्या पोराला सात-आठ वेळा पाजलं, तरी पाय गेलाच.’ त्याकडे पुढे येतो.

समोर असलेले पर्याय

सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे जोर. काही ठिकाणी पथकासोबत पोलीस नेल्याच्या, रेशन बंद करण्याची धमकी दिल्याच्या तक्रारी आल्या. जिल्हा प्रशासनाच्या बाजूने बोलायचं तर त्यांच्यावर दर फेरीनंतर आकड्यांचा दबाव होता, आणि जोर केला की त्या दिवशीचा ‘एक्स’ चा ‘पी’ होतो. पण पुढच्या फेरीत तेच घर मुलाला आधीच नातेवाइकांकडे पाठवतं, किंवा करंगळीवर घरीच शाई लावून दाखवतं. फेरी एकदाच असती तर जोराने काम झालंही असतं. इथे ती वर्षभरात आठ-दहा वेळा होणार होती. शिवाय ज्या आठवणीमुळे दारं बंद होत होती, तीच आठवण जोराने ताजी होत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसं. इथे तर बंबात तेलच होतं.

दुसरा पर्याय जाहिरातीचा. अमिताभ बच्चन यांच्या ‘दो बूंद ज़िंदगी की’ ने देशभर कमाल केली. पडद्यावरचा हा मोठा माणूस मुलं न आणणाऱ्यांवर चिडायचा, आणि आया बूथवर यायच्या. पण जाहिरात ज्यांना माहिती नव्हती त्यांना हलवते. ज्यांना माहिती होती आणि पटत नव्हतं, त्यांच्याबाबतीत टीव्हीवरचा कुठलाही चेहरा दारावरच्या परक्या माणसापेक्षा फार वेगळा नसतो.

तिसरा पर्याय धर्मगुरूंचा, चौथा स्थानिक माणसं नेमण्याचा, पाचवा पोलिओसोबत इतर सेवा देण्याचा. सहावा पर्याय लस बदलण्याचा. तो पहिल्या काही वर्षांत अविश्वासाच्या चर्चेत कोणी धरलाच नव्हता, कारण लस हा डॉक्टरांचा विषय आणि विश्वास हा प्रचारकांचा, अशी वाटणी होती.

त्याच सुमारास नायजेरियात काय झालं तेही सगळे पाहत होते. 2003 मध्ये कानो आणि उत्तरेकडच्या काही राज्यांनी पोलिओ लसीकरण थांबवलं. अफवा तीच, नपुंसकत्वाची. 2004 मध्ये इंडोनेशियात बनलेली लस आणायचं ठरल्यावर कानोतला बहिष्कार मागे घेतला गेला, तोवर विषाणू अनेक देशांत पोचला होता. भारताच्या बाबतीत राज्य सरकारनेच मोहीम थांबवण्याचा प्रश्न नव्हता. नकार विखुरलेला होता, घरागणिक वेगळा. त्यामुळे एक मोठा करार करून तो सुटणारा नव्हता.

पहिला निर्णय: दार कोण ठोठावणार

2001 ते 2003 च्या दरम्यान युनिसेफ आणि काही स्वयंसेवी संस्थांनी उत्तर प्रदेशात सामाजिक संघटनाचं, म्हणजे लोकांना मोहिमेशी जोडून घेणाऱ्या माणसांचं, जाळं उभारलं. कणा होता मोहल्ला समन्वयकांचा. बहुतेक बायका, त्याच वस्तीतल्या. प्रत्येकीकडे साधारण पाचशेपर्यंत घरं. पुढे त्यांची संख्या हजारोंत गेली. मुसलमान मोहल्ल्यात शक्यतो मुसलमान बाई. पथकातही निदान एक स्त्री आणि एक स्थानिक व्यक्ती असावी हा आग्रह आला.

हा बदल वरवर साधा वाटतो. त्यातला खरा पालट नोंदवहीत होता. पथकाचा तक्ता त्या फेरीपुरता असे. समन्वयकेची वही कायमची. त्यात घरागणिक मुलं, गरोदर बायका, बाळंतपणाची अंदाजे तारीख, नवजात बाळ, मागच्या फेऱ्यांत काय झालं आणि नकार असेल तर कशामुळे, हे सगळं. आजोबा नको म्हणतात की वडील? मुलाला ताप होता म्हणून नको, की मागच्या वेळी पाजल्यावर जुलाब झाले म्हणून नको? कारण लिहिलं की पुढचं पाऊल सुचतं. आजोबांचा आक्षेप असेल तर त्यांच्याशी बोलायला मशिदीतली ओळखीची माणसं. आजारी मुलाची भीती असेल तर गल्लीतला डॉक्टर.

इथे एक अवघड तडजोड झाली आणि मला ती योग्य वाटते. गल्लीतला हा ‘डॉक्टर’ अनेकदा पदवी नसलेला, ज्याला सरकारी भाषेत झोलाछाप म्हणतात तो. त्याच्यावर खातं एरवी कारवाई करणार, आणि पोलिओच्या वेळी त्याच्याच तोंडून ‘पाजा, काही होत नाही’ वदवून घेणार. वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने हे अवघडच. पण रात्री दोन वाजता मूल तापलं तर ते कुटुंब त्याच्याकडेच जात होतं. विश्वास तिथे होता. तो खात्याच्या इमारतीत नाही म्हणून तो नाहीच, असं मानण्यात अर्थ नव्हता.

मुलांची ‘बुलावा टोळी’ हीदेखील याच काळातली. बूथच्या दिवशी सकाळी पोरं शिट्ट्या, घोषणा देत गल्लीतून फिरायची आणि धाकट्या भावंडांना काखेत घेऊन बूथवर आणायची.

दुसरा निर्णय: मशीद आणि विद्यापीठ

अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्थांना कामात घेतलं गेलं. रोटरीने उलेमांची समिती उभी केली. मशिदींतून बूथच्या दिवशी घोषणा होऊ लागल्या.

यात धोका होता. धर्मगुरूंकडे जाणं म्हणजे आरोग्याचा प्रश्न धर्माचा आहे हे मान्य करणं. शिवाय ज्या घरात नकाराचं कारण तापलेलं मूल किंवा तुंबलेलं गटार आहे, तिथे मौलवींच्या आवाहनाचा काय उपयोग? जिथे वहीत धार्मिक कारण लिहिलेलं होतं तिथे मौलवी उपयोगी पडले. जिथे सरसकट ‘मुसलमान मोहल्ला आहे, मौलवी आणा’ असं झालं, तिथे वेळ गेला आणि ‘तुमच्यात काहीतरी खोट आहे’ हा संदेशही गेला. प्रचारसाहित्यात या दोन गोष्टींमधला फरक फारसा दिसत नाही. प्रत्यक्ष कामात तो महत्त्वाचा होता.

तिसरा निर्णय: लसच तपासणं

2003 मध्ये रुग्ण 225 वर आले, 2004 मध्ये दीडशेच्या आत, 2005 मध्ये 66. जाळं काम करतंय असं दिसत होतं. मग 2006 मध्ये 676. पुन्हा केंद्रस्थानी पश्चिम उत्तर प्रदेश, त्यातही मुरादाबाद. पुन्हा तेच बोट: नकार देणारी घरं.

या वेळी मात्र आकडे दुसरंच सांगत होते. रुग्णांतल्या कितीतरी मुलांना अनेक डोस मिळालेले होते. नोव्हेंबर 2006 मध्ये ‘सायन्स’ मध्ये निकलस ग्रासली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. तेव्हाची त्रिगुणी लस, म्हणजे या तिन्ही प्रकारांविरुद्धची, पहिल्या प्रकाराविरुद्ध एका डोसामागे किती संरक्षण देते, हे त्यात काढलं होतं. उर्वरित भारतात 21 टक्के. बिहारमध्ये 18. उत्तर प्रदेशात 9.

दर डोसाला 9 टक्के, म्हणजे दहा डोस घेतलेल्या शंभर मुलांपैकी साधारण 39 मुलं तरीही असुरक्षित. दाट वस्ती, सततची हगवण आणि आतड्यातले इतर विषाणू यांमुळे तोंडावाटे दिलेली लस आतड्यात धड रुजत नाही. भारतीय मुलांमध्ये ही लस कमी लागू पडते हे वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन 1970 च्या दशकापासून सांगत आले होते.

‘सात-आठ वेळा पाजलं, तरी पाय गेलाच’ हे वाक्य अफवांच्या यादीत घातलं गेलं होतं. ते निरीक्षण होतं, आणि बरोबर होतं. गल्लीतल्या माणसांनी डोळ्यांनी जे पाहिलं होतं, ते मोजायला विज्ञानाला आणखी काही वर्षं लागली. ज्या समन्वयकेने ‘नियमित पाजा, काही होणार नाही’ असा शब्द दिला होता, तिच्याच ओळखीच्या घरात डोस घेतलेलं मूल लुळं पडलं की तिची पत पणाला लागत होती. तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

या प्रकरणाचा सांधा मला इथे दिसतो. 2006 पर्यंत प्रश्न मांडला जात होता तो ‘लोकांचा लसीवर विश्वास कसा बसेल’ असा. आता विचारावं लागलं: लस त्या विश्वासाच्या लायकीची आहे का?

पर्याय होते. इंजेक्शनची निष्क्रिय लस द्यावी का? ती रक्तात चांगलं संरक्षण देते, पण आतड्यात विषाणूचा मुक्काम रोखण्यात कमी पडते, महाग, आणि घरोघर सुई टोचणं त्या वस्त्यांत तेव्हा अशक्यप्राय. दुसरा मार्ग एकगुणी लशीचा. तिन्ही प्रकार एकत्र असले की ते आतड्यात एकमेकांना अडवतात, आणि दुसरा प्रकार तर ऑक्टोबर 1999 नंतर निसर्गात सापडलाच नव्हता. मग तो डोसात ठेवायचा कशाला? पहिल्या प्रकाराची एकगुणी लस 2005 मध्ये आली होतीच. 2007 च्या अभ्यासात तिचा प्रत्येक डोस सुमारे 30 टक्के परिणामकारक निघाला. 30 टक्क्यांनी पाच डोसांत सुमारे 83 टक्के मुलं सुरक्षित होतात. 9 टक्क्यांनी दहा डोसांतही ते साधत नव्हतं.

एकगुणीची किंमतही मोजावी लागली. पहिल्यावर भर दिल्यावर तिसऱ्या प्रकाराने डोकं वर काढलं. 2007 मध्ये एकूण 874 रुग्ण, 2009 मध्येही 741. पहिला आणि तिसरा मिळून द्विगुणी लस जानेवारी 2010 मध्ये वापरात आली.

चौथा निर्णय: पोलिओपलीकडे

2009 मध्ये सर्वांत चिवट असे 107 तालुके निवडले गेले, 66 उत्तर प्रदेशातले आणि 41 बिहारमधले. तिथे पोलिओसोबत हगवणीसाठी ओआरएस आणि झिंक, हात धुणं, स्तनपान, शौचालयं आणि नियमित लसीकरण यांवर भर देण्याचं ठरलं. कारण वैद्यकीय होतं: हगवण कमी झाली तर लस रुजते. पण ‘फक्त पोलिओच का?’ या जुन्या प्रश्नाचं हेच उत्तर होतं. ओआरएसची पुडी घेऊन आलेल्या बाईला दारात उभं ठेवणं अवघड जातं.

हे सगळ्यात शेवटी आलं. गटारं आणि शौचालयांचं काम आरोग्य खात्याच्या हातात नसल्याने तेवढं पुढेही गेलं नाही.

परिणाम

2010 मध्ये देशात 42 रुग्ण. उत्तर प्रदेशातला शेवटचा रुग्ण एप्रिल 2010 मधला. देशातला शेवटचा 13 जानेवारी 2011 रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात. फेब्रुवारी 2012 मध्ये भारत पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून बाहेर पडला आणि 27 मार्च 2014 रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

श्रेय कोणाचं, यावर मतभेद शक्य आहेत. साशंक माणूस म्हणेल: समन्वयका 2003 पासून होत्या, तरी 2009 मध्ये 741 रुग्ण; द्विगुणी लस आली आणि वर्षभरात खेळ संपला; मग विश्वासाचं कौतुक कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. पण 30 टक्क्यांची लसदेखील एकाच मुलाच्या तोंडात चार-पाच वेळा जावी लागते, तीही ते रांगू लागण्याच्या आत. नवजात बाळाचं नाव वहीत नसतं, दार उघडत नसतं, तर द्विगुणीही डब्यातच राहिली असती. आणि उलट, लस 9 टक्क्यांवरच अडकली असती तर समन्वयकांनी जमवलेली पत एकेका लुळ्या पडलेल्या मुलागणिक झिजत गेली असती. दोन्ही वेगळं काढून मोजता येईल असा अभ्यास झालेला नाही, आणि आता होऊही शकत नाही.

नियमित लसीकरण हळूहळू वर आलं. पूर्ण लसीकरण झालेल्या बाळांचं उत्तर प्रदेशातलं प्रमाण 2015–16 च्या सर्वेक्षणात 51 टक्के, 2019–21 मध्ये 70 च्या आसपास. यात पोलिओच्या जाळ्याचा वाटा किती, हे सांगणं धाडसाचं. नंतरच्या मोहिमाही त्यात आहेत.

पण कमावलेला विश्वास दुसऱ्या खात्यावर वळवता येतो का? 2018–19 मध्ये गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी याच पट्ट्यातल्या अनेक मदरशांनी पथकांना परत पाठवलं. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी तीच नपुंसकत्वाची अफवा. त्याच्या थोडं आधी, 2018 मध्ये, उत्तर प्रदेशातल्या एका उत्पादकाच्या तोंडी लसीत दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची भेसळ सापडली होती, जो 2016 पासून लशीत असायलाच नको होता. ती सापडली ती पाळत ठेवणारी यंत्रणा जागी होती म्हणून. लस थांबवली, उत्पादकावर गुन्हा दाखल झाला. आणि एप्रिल 2020 मध्ये मुरादाबादमध्ये कोविडच्या संपर्कातल्या कुटुंबाला विलगीकरणात न्यायला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पोलिओचे थेंब घेऊन येणारी ओळखीची बाई आणि पोलिसांसह रुग्णवाहिका घेऊन माणसं उचलायला येणारं पथक यांच्याकडे लोक एकाच नजरेने पाहणार नाहीत, हे तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

‘एक्स’ ची कारणं पहिल्या वर्षापासून वेगळी मोजायला हवी होती. कुलूपबंद घर आणि नकार देणारं घर एकाच आकड्यात गेल्यामुळे एका समाजावर जो शिक्का बसला, तो नंतरच्या आकड्यांनी पुसला गेला नाही.

लस कमी लागू पडते हे कळल्यावर ते लोकांना सांगायचं की नाही, हा निर्णय जाणीवपूर्वक घेतला गेला असता तर बरं झालं असतं. सांगितलं तर ‘मग देता कशाला?’ हा प्रश्न येणार, ही भीती खोटी नव्हती. पण ‘या भागात एक-दोन डोस पुरत नाहीत, म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा येतो’ हे वाक्य खरं होतं, सोपं होतं, आणि ‘इतक्या वेळा का पाजता?’ या सर्वांत सलणाऱ्या संशयाला थेट उत्तर देणारं होतं. निदान समन्वयकांना तरी पूर्ण चित्र द्यायला हवं होतं. दारावर उत्तरं त्या देत होत्या.

समन्वयकांच्या भवितव्याचा विचारही उशिरा झाला. तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं पाचशे घरांची माहिती सांभाळणाऱ्या बायकांकडे जिल्ह्यातल्या कुठल्याही कार्यालयापेक्षा चांगल्या नोंदी होत्या. पोलिओ गेल्यावर त्या नोंदी आणि त्या बायका नियमित आरोग्यसेवेत कशा सामावून घ्यायच्या, हे पोलिओ असतानाच ठरायला हवं होतं.

सर्वांत अवघड मुद्दा शेवटचा. तोंडी लसीतला विषाणू जिवंत पण दुर्बळ केलेला असतो. लाखो डोसांमागे एखाद्या मुलाला त्यानेच लुळेपणा येऊ शकतो. वैद्यकशास्त्राला हे दशकानुदशकं माहीत आहे, आणि जगाने हळूहळू इंजेक्शनच्या लसीकडे वळण्याचं ते एक कारण आहे. भारतातही निष्क्रिय लस नोव्हेंबर 2015 पासून नियमित लसीकरणात आली. मोहिमेच्या काळात मात्र हा धोका प्रचारात जवळपास दिसत नव्हता. धोका अतिशय लहान आणि रोग फार मोठा, हे गणित बरोबरच होतं. पण त्या लाखोंमधल्या एका घराला काय सांगायचं आणि काय द्यायचं, हे ठरलेलं नव्हतं. अमेरिकेत लसीमुळे इजा झालेल्यांना भरपाई देण्याची सोय 1986 च्या कायद्याने झाली. पल्स पोलिओच्या त्या सगळ्या फेऱ्यांच्या काळात आपल्याकडे तशी योजना नव्हती.